मदत हवी आहे: सपाट गच्चीवर सोलर, ठोकळ्यांखाली काय घालावं?

गच्चीवर १२ सोलर पॅनेल्स बसवायची आहेत, प्रत्येकी साधारण २२ किलोची. अडचण आहे ती वॉटरप्रूफिंगची. दोनच वर्षांपूर्वी स्लॅबवर डांबरी मेम्ब्रेन घातलंय, आणि त्याला एक भोक जरी पाडलं तरी वॉरंटी गेली. त्यामुळे अँकर बोल्ट मारायचे नाहीत, हे पक्कं.

म्हणून काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर स्टँड उभे करणार आहोत. स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब तपासलाय, वजन पेलेल. वाऱ्याने पॅनेल्स उचलली जाऊ नयेत म्हणून कल १० अंशच ठेवलाय आणि सगळी मांडणी कडेपासून दीड मीटर आत. कठड्याच्या सावलीचा प्रश्नही त्यात सुटतो.

आधी दोन ठोकळे महिनाभर नुसते ठेवून पाहिले. उन्हात मेम्ब्रेन मऊ पडतं. पहिला ठोकळा उचलला तर त्याच्या कडांचा ठसा खोल उमटलेला, आणि उताराच्या वरच्या बाजूला पावसाचं पाणी अडून गाळ साचलेला. दुसऱ्याखाली रबरी मॅटचा तुकडा घातला होता, तो चिकटूनच बसला. सोडवताना मेम्ब्रेन फाटेल की काय, अशी धास्ती वाटली.

आता जाड जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम धाग्यांचं कापड) घालावं असं मनात आहे, पण ते ओलं राहून खाली शेवाळ धरेल अशी शंका येते. पाणी वाहण्यासाठी ठोकळे पायांवर उचलले, तर सगळा भार चार बिंदूंवर येतो.

डांबरी मेम्ब्रेनवर अशी पॅनेल्स बसवून ज्यांचे दोन-तीन पावसाळे गेलेत, त्यांनी ठोकळ्यांखाली नेमका कुठला थर घातला, किती जाडीचा, आणि पाण्याला वाट कशी ठेवली?