[मंडळ-लिस्ट] ओ पॉझिटिव्ह लिव्हर डोनर पाहिजे – अर्जंट

मेधा:
परवाच्या मेलचं पुढचं. भाऊजींचं लिव्हर बंद पडत चाललंय, ते आता कोणाला ओळखत नाहीयेत, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) ४ च्या वर गेलाय. ट्रान्सप्लांटची टीम म्हणते आधी बायोप्सी, पण तोवर हातावर हात धरून कसं बसायचं? घरचे सगळे भारतात, व्हिसा कधी मिळणार. ओ पॉझिटिव्ह कोणी असेल तर प्लीज फोन करा.

पल्लवी (चिटणीस):
मेधाताई, वाचून धस्स झालं. पण मेडिकल अपील आधी कमिटीकडे पाठवायचं असं गणपतीच्या मीटिंगमध्ये ठरलंय ना?

अण्णा:
पल्लवी, माणूस आयसीयूत आहे आणि तू मिनिट्स काढतेस! स्पीकरच्या भाड्यावरून मेलांचा पाऊस पडला तेव्हा कुठे होती कमिटी? मेधा, ते कोविडपासून गुळवेल घेत होते ना? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीने लिव्हर बिघडलेले पेशंट छापले होते.

अमित:
अण्णा, आयुष मंत्रालयाने ते तेव्हाच खोडून काढलं होतं. आमची आजी जन्मभर काढा प्यायली, काही झालं नाही.

श्रीकांत:
काढा राहू दे आता. मेधाला विचारूनच लिहितोय, रिपोर्ट पाहिलेत. महिनाभर ताप, रात्री उशी भिजेल एवढा घाम, एलडीएच (पेशी मरायला लागल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारांत, आणि लिव्हर मोठं झालंय. औषधाने किंवा हेपटायटिसने लिव्हर असं झपाट्याने जातं तेव्हा ते बहुतेक वेळा आक्रसतं. मोठं दिसतंय म्हणजे आत काहीतरी भरतंय अशी शंका घ्यायचीच. आक्रमक लिम्फोमात, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, त्या पेशी लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्यांत गच्च भरतात, रक्त अडतं आणि बघता बघता लिव्हर कोलमडतं. सीटीत गाठ नाही म्हणून निश्चिंत राहू नका, कारण गाठ न होता सगळीकडेच पसरलेलं असू शकतं. लिम्फोमा निघाला तर ट्रान्सप्लांट करत नाहीत, वरून प्रतिकारशक्ती दाबायची औषधं द्यायची म्हणजे कॅन्सरला मोकळं रान. तिथे केमोच लागते. रक्त गोठत नाहीये, पोटातून सुई नको, मानेच्या शिरेतून बायोप्सी आजच होईल का ते विचार. स्टेरॉइड त्याआधी सुरू झालं तर निदान चुकायची भीती असते, म्हणून तेही विचार.

अमित:
श्रीकांतदादा, मग गुळवेल निर्दोष ना?

श्रीकांत:
असं मी कुठे म्हटलं?

मेधा:
पण बायोप्सीत दुसरंच काही निघालं तर? डोनर तयार असला तर बिघडलं काय?

श्रीकांत:
बिघडत नाही. पण कोणाला उगाच तपासण्यांना पळवू नकोस, आणि लिम्फोमा निघाला तर केमोला उशीर करू नका. लिव्हर बंद असलं की नेहमीचे डोस चालत नाहीत, बरीच औषधं कमी करून देतात. हेपटायटिस बी तपासलाय का तेही बघ, रिटुक्सिमॅब (लिम्फोमावरचं औषध) देण्याआधी ते लागतंच.

मेधा:
मानेतून करणार म्हणाले, दुपारी तीनला. डोनरचं सध्या थांबवते. ताईबरोबर रात्री कोणीतरी थांबायला हवंय, आणि मुलांना शाळेतून आणायला.

पल्लवी:
शीट करतेय, आपापल्या वेळा भरा. मुलांना आज मी आणते.

अण्णा:
शीटबिट मला उघडत नाही, माझी आजची रात्र लिही.