मदत हवी आहे: गुलमर्गला स्कीइंग, हिमस्खलनाचा इशारा पाचपैकी ३ असेल तर वर जावं का?

गोदाकाठी:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं नाशिकचे, सह्याद्रीत भटकणारे. गुलमर्गचा स्कीइंगचा बेसिक कोर्स झालाय. या फेब्रुवारीत गोंडोलाच्या (तिथला रोपवे) दुसऱ्या टप्प्याने अफरवट शिखराकडे, चार हजार मीटरच्या जवळपास जायचा बेत आहे.

घरी विषय काढला तर आईने बातम्याच पुढे ठेवल्या. २०२३ मध्ये अफरवटच्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत गुलमर्गलाच एक रशियन गेला. त्यामुळे अभ्यास केल्याशिवाय आता निघायची सोय नाही.

कळलं ते एवढं: धोक्याच्या पाच पायऱ्या, १ सगळ्यात कमी, ५ सगळ्यात जास्त. काश्मीरचे इशारे डीजीआरई (डीआरडीओची हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था, पूर्वीची सासे) देते, पण ते 'अमुक जिल्हा, इतक्या मीटरच्या वर, पुढचे २४ तास' असे मोघम असतात.

अडलंय इथे. गाइड फोनवर म्हणतो, "३ पर्यंत बिनधास्त या." म्हणजे फिफ्टी-फिफ्टी समजायचं का? चौघांत दोन बीकन (बर्फात गाडलेल्याला सिग्नलवरून शोधायचं अंगावरचं यंत्र) भाड्याने घेतले तर भागेल? आणि हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्या चढणाऱ्यांनी कुठल्या उताराला घाबरायचं?

हिमवाट:
आधी गाइड बदला. मग आईंना माझा नमस्कार सांगा.

३ म्हणजे अधलंमधलं नव्हे. एकेक पायरी चढताना धोका थोडा थोडा वाढत नाही, पटीत वाढतो. आल्प्समध्ये हिमस्खलनात जाणारे बहुतेक लोक २ आणि ३ च्या दिवशीच जातात. ४-५ ला माणूस आपणहून हॉटेलात बसतो. ३ ला लख्ख ऊन असतं, ताजा भुसभुशीत बर्फ असतो आणि पुढे कुणीतरी उतरून गेल्याच्या रेघा दिसत असतात. तिथेच मोह होतो. त्या दिवशी काही उतारांवर एका माणसाच्या वजनानेही अख्खा थर सुटू शकतो. आपल्या घाटातल्या दरडीसारखं हे नाही: स्कीअरचा जीव घेणारं स्खलन बहुतेक वेळा त्यानेच किंवा त्याच्या सोबत्याने सोडवलेलं असतं.

हरिहरसारख्या उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, गळून जातो. धोक्याचा पट्टा ३० ते ४५ अंशांचा. घरच्या घरी बघा: सोसायटीच्या जिन्यावर दोन-तीन पायऱ्यांच्या कडांना टेकेल अशी काठी आडवी ठेवा, तिच्यावर फोन ठेवून कोन मोजायचं ॲप लावा. ३० च्या आसपास आकडा येईल. दूध आणायला आपण ज्यावरून चपला घालून उतरतो, तेवढाच उतार! आणि तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावर तसा उतार असेल तर तिथे रेंगाळू नका.

दोन बीकनने भागणार नाही. ज्याच्याकडे नाही त्याला शोधणार कशाने? बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पंधरा मिनिटांतच झपाट्याने घसरते. खालून मदत येईपर्यंत तेवढा वेळ सहज जातो, म्हणजे शोधायचं तुम्हीच. स्की पेट्रोलने (उतारांवरच्या गस्ती पथकाने) दोर लावलाय त्याच्या आतच राहा, आणि संशयाच्या उतारावर एका वेळी एकानेच उतरा.

गोदाकाठी:
धन्यवाद, चार सेट पक्के. पण बर्फाशिवाय नाशकात सराव कसा करायचा?

डोंगरवेडी:
बीकन इथेच मिळवता आले तर सोपं आहे, दादा. एक चालू करून गोणपाटात गुंडाळा, गंगापूर धरणाच्या बाजूला गवतात लपवा आणि बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधा. शोधताना मोबाइल बीकनपासून हातभर तरी लांब ठेवा, नाहीतर सिग्नल बिघडतो. आणि वर गेल्यावर स्कीखाली 'धप्प' असा बर्फ बसल्याचा आवाज आला किंवा स्कीपासून तडे पुढे पळाले, तर इशाऱ्यात १ असला तरी मागे फिरा.