घरगुती पाळणाघरात एका मुलाला कांजिण्या झाल्या : बाकीच्या मुलांना किती दिवस घरी ठेवावे?

प्रश्न (पाळणाघरचालक)

मी माझ्या राहत्या घरात पाळणाघर चालवते. सहा मुले येतात. सर्वांत लहान बाळ आठ महिन्यांचे आहे आणि सर्वांत मोठा मुलगा चार वर्षांचा आहे. त्यांपैकी तीन वर्षांच्या एका मुलाच्या अंगावर शनिवारी संध्याकाळी पुरळ उठले आणि डॉक्टरांनी कांजिण्या असल्याचे सांगितले. त्याच्या आईने आज, सोमवारी सकाळी मला कळवले. गुरुवारी आणि शुक्रवारी तो पूर्ण दिवस इतर मुलांबरोबर खेळला, जेवला आणि झोपला होता. त्याची दीड वर्षांची बहीणही माझ्याकडेच येते; तिला अजून काही झालेले नाही.

आज सकाळपासून पालकांचे फोन चालू आहेत. एकांचे म्हणणे असे की पाळणाघर सरळ तीन आठवडे बंद ठेवावे. दुसऱ्यांना वाटते की कांजिण्या सगळ्यांनाच कधीतरी होतात, तेव्हा बंद ठेवण्याचे कारण नाही आणि ठेवल्यास शुल्क परत मिळावे. एका मुलीची आई पाच महिन्यांची गरोदर आहे आणि तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या की नाही, हे आठवत नाही. पालकांशी केलेल्या करारात मी फक्त ‘आजारी मुलास पाठवू नये’ एवढेच लिहिलेले आहे. जे मूल आजारी नाही पण आजारी मुलाच्या संपर्कात आले आहे, त्याचे काय करावे, याबद्दल त्यात एक शब्दही नाही. कृपया अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (बालरुग्ण विभागातील परिचारिका)

सर्वप्रथम गरोदर असलेल्या आईला आजच, शक्यतो हा प्रतिसाद वाचून होताच, फोन करा आणि तिला तिच्या प्रसूतितज्ज्ञांशी बोलायला सांगा. बाकीचे निर्णय उद्यावर गेले तरी चालतील, हा नाही. मुलीला सोडताना आणि नेताना ती त्या मुलाजवळ किती वेळ होती, हे डॉक्टर विचारतील, तेव्हा तेही आठवून ठेवायला सांगा. पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या आहेत की नाही हे आठवत नसले, तरी साध्या रक्ततपासणीने प्रतिकारशक्ती आहे का ते कळते, आणि बहुतेक प्रौढांमध्ये ती आढळते. नसेल तर संपर्कानंतर ठरावीक दिवसांच्या आतच देता येतात असे उपचार आहेत, म्हणून उशीर नको. गरोदरपणात कांजिण्यांची लस मात्र देत नाहीत. हाच नियम आठ महिन्यांच्या बाळाला आणि घरात प्रतिकारशक्ती कमी असलेली कोणी व्यक्ती (उदाहरणार्थ, कर्करोगावर उपचार घेणारी) असल्यास तिलाही लागू आहे : त्यांच्या डॉक्टरांना आजच कळले पाहिजे.

आता दिवसांचा हिशेब. कांजिण्यांचा रुग्ण पुरळ उठण्याच्या एक ते दोन दिवस आधीपासून इतरांना संसर्ग देऊ शकतो आणि सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत देत राहतो. याला बहुधा पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत गुरुवार-शुक्रवारचा संपर्क धोक्याचा धरायला हवा. ज्याला संसर्ग झाला असेल, त्याला लक्षणे दिसायला साधारण १० ते २१ दिवस लागतात, आणि त्याच्याकडून इतरांना धोका सुरू होतो तो आठव्या दिवसाच्या आसपास. आठवा दिवस गुरुवारपासून मोजला तर या शुक्रवारी येतो, आणि एकविसावा दिवस शेवटच्या संपर्कापासून, म्हणजे गेल्या शुक्रवारपासून मोजायचा. त्यामुळे उद्यापासून पाळणाघर बंद केल्यास या आठवड्यातले पहिले काही दिवस तुम्ही कारण नसताना बंद ठेवाल, आणि घाबरलेले पालक कंटाळून दुसऱ्या आठवड्यात मुले पाठवू लागतील, तेव्हा खरा धोक्याचा काळ सुरू झालेला असेल. अशी उलटी खबरदारी मी अनेकदा पाहिलेली आहे.

सरसकट बंदची गरज मला वाटत नाही. ज्यांना लस मिळाली आहे किंवा कांजिण्या होऊन गेल्या आहेत, ती मुले निरोगी असेपर्यंत येऊ शकतात. ज्यांना लस मिळालेली नाही पण ती घेण्याचे वय झाले आहे, त्यांच्या पालकांना सांगा की संपर्कानंतर तीन दिवसांच्या आत, फार तर पाच दिवसांपर्यंत दिलेली लस आजार टाळू शकते किंवा सौम्य करू शकते. तुमच्यासाठी ही मुदत आज-उद्यापर्यंतच आहे. लस न घेतलेल्या निरोगी मुलांना आठव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत घरी ठेवावे का, याबाबत ठिकठिकाणचे नियम वेगळे आहेत. परवाना देणाऱ्या किंवा स्थानिक आरोग्य कार्यालयाला विचारून तेच पाळा. तुमच्याकडे लहान बाळ आहे हे लक्षात घेता मी स्वतः सावध बाजूने निर्णय घेईन.

आजारी मुलाच्या बहिणीचे प्रकरण मात्र इतरांहून वेगळे आहे. एकाच घरात राहणाऱ्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या व्यक्तींपैकी ९० टक्क्यांपर्यंत लोकांना कांजिण्यांचा संसर्ग होतो, आणि भावाच्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत तिचा संपर्क रोज नव्याने होत राहणार आहे. तिला लस मिळालेली नसेल, तर तिला या शुक्रवारपासून घरी ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक गोष्ट, जी पालकांना सांगायलाच हवी : ताप आला म्हणून कांजिण्या झालेल्या मुलाला अॅस्पिरिन कधीही देऊ नये, त्याचा संबंध मेंदू आणि यकृतावर परिणाम करणाऱ्या एका दुर्मीळ पण गंभीर आजाराशी आहे.

प्रतिसाद २ (पाळणाघरचालक)

वरील प्रतिसादात वैद्यकीय बाजू पूर्ण आली आहे, म्हणून मी फक्त कराराबद्दल लिहिते. ‘आजारी मुलास पाठवू नये’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण प्रत्येक पालक ‘आजारी’ याचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावतो. माझ्या करारात आजाराचे नाव, मूल कधी परत येऊ शकते आणि संपर्कातल्या मुलांचे काय, हे तिन्ही लिहिलेले आहे. ताप असल्यास औषधाशिवाय २४ तास ताप नसावा. ‘औषधाशिवाय’ हा शब्द मुद्दाम ठळक छापला आहे, कारण सकाळी तापाचे औषध देऊन सोडलेले मूल दुपारी तापाने फणफणते, हे प्रत्येक पाळणाघराला ठाऊक आहे. जुलाब-उलट्या थांबून ४८ तास झाले पाहिजेत. काही ठिकाणी २४ तासांचा नियम आहे, पण जिथे सगळी मुले एकच शौचालय आणि एकच खेळघर वापरतात तिथे मला तो कमी वाटतो. गोवर असल्यास पुरळ उठल्यानंतर चार दिवस. गालगुंड असल्यास सूज आल्यापासून पाच दिवस. डांग्या खोकल्यात योग्य प्रतिजैविक सुरू होऊन पाच दिवस पूर्ण झालेले असावेत.

उलट काही आजारांत मी मुलांना घरी ठेवण्याचा आग्रह सोडून दिला आहे. हात, पाय आणि तोंडात फोड येणाऱ्या विषाणूजन्य आजारात विषाणू शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, तेव्हा ‘पूर्ण बरा होईपर्यंत’ या अटीला काही अर्थच उरत नाही. ताप नाही, लाळ गळत नाही आणि मूल खेळते आहे, एवढे पुरते. उवांसाठी तर मी कुणालाही परत पाठवत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी उपचार सुरू करायला सांगते.

गोवराच्या बाबतीत मात्र संपर्काचा नियम कडक ठेवा. रुग्ण खोली सोडून गेल्यानंतरही हवेत दोन तासांपर्यंत विषाणू राहू शकतो, त्यामुळे ‘माझे मूल त्याच्याबरोबर खेळले नाही’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. लस न घेतलेल्या संपर्कातील मुलांना २१ दिवस घरी ठेवण्याची अट मी पालकांकडून प्रवेशाच्या वेळीच सही करून घेते. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस घेतल्यास काय करायचे, ते आरोग्य विभाग सांगेल तसे.

शुल्काबद्दल माझे मत स्पष्ट आहे : मूल घरी राहिले तरी जागा त्याच्यासाठी राखलेली असते, म्हणून शुल्क पूर्ण घ्यावे. पाळणाघर माझ्या बाजूने बंद राहिले, म्हणजे मी किंवा माझ्या घरातले कोणी आजारी पडले, तर शुल्क घेऊ नये. हे आधी लिहिलेले असेल तर भांडण होत नाही. आज तुमच्या करारात ते नाही, त्यामुळे या वेळी थोडे नमते घ्यावे लागेल.

प्रतिसाद ३ (पालक)

शुल्काबाबत मी वरील मताशी सहमत नाही. आजारी मुलाचे पूर्ण शुल्क घेणे मला पटते, पण जे मूल ठणठणीत आहे आणि केवळ खबरदारी म्हणून घरी ठेवायला सांगितले जाते, त्याच्या पालकांना रजाही घ्यावी लागते आणि शुल्कही भरावे लागते. निदान त्या काळापुरते अर्धे शुल्क असावे. हा भार सगळा पालकांवर टाकला, की पालक लक्षणे लपवू लागतात, आणि त्याची किंमत इतर मुलांना मोजावी लागते.

दुसरे असे की कळवताना कृपया मुलाचे नाव सांगू नका. ‘पाळणाघरातील एका मुलास कांजिण्या झाल्या आहेत, शेवटचा संपर्क शुक्रवारी झाला, या-या तारखांपर्यंत लक्ष ठेवावे’ एवढे पुरेसे आहे. सहा मुलांत नाव लपणार नाही हे खरे, तरी ते तुमच्या तोंडून जाऊ नये.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. गरोदर आईशी बोलणे झाले असून तिची रक्ततपासणी आजच होणार आहे. अर्ध्या शुल्काची सूचना मला या वेळेपुरती योग्य वाटते आणि तसे मी कळवेन. एक शंका राहिली : माझी स्वतःची पाच वर्षांची मुलगी शाळेतून आल्यावर याच मुलांबरोबर असते. तिला लसीचा एकच डोस मिळाला आहे. तिला कांजिण्या झाल्या, तर पाळणाघराचे काय?

प्रतिसाद १ (परिचारिका)

दुसऱ्या डोसबद्दल तिच्या डॉक्टरांना लगेच विचारा. आधीचा डोस घेऊन पुरेसा काळ गेला असेल, तर ते तो आताच देऊ शकतील. एका डोसनंतरही कांजिण्या होऊ शकतात, पण त्या बहुधा सौम्य असतात, थोडेच फोड येतात आणि कधीकधी खपल्या धरतच नाहीत. तशा वेळी २४ तासांत नवीन फोड आलेला नसणे, ही खूण धरतात. तिला पुरळ उठलेच, तर त्या दिवसापासून पाळणाघर बंद ठेवणे हाच मार्ग आहे. दार लावून एका खोलीत ठेवणे पुरेसे नाही, कारण कांजिण्या हवेतूनही पसरतात, आणि तिची काळजी घेणारे हातही तुमचेच असतील. तोपर्यंत शाळेतून आल्यावर ती निदान आठ महिन्यांच्या बाळापासून दूर राहील असे पाहा, आणि पालकांना ही शक्यता आजच्या निरोपातच कळवून ठेवा, म्हणजे त्यांना दुसरी सोय शोधायला वेळ मिळेल.