सुरूच्या बनातला वारा आणि वरचा वारा

ड्रोनच्या कंपनीने ‘ताशी 38 किलोमीटरपर्यंतचा वारा सोसतो’ असे लिहिले आहे, तेव्हा ताशी 25 किलोमीटरच्या वाऱ्यात गुहागरच्या किनाऱ्यावर तो उडवण्यास हरकत नसावी, असे कुणी म्हणेल. मला ते पुरेसे वाटत नाही. तो आकडा ड्रोन जागेवर स्थिर राहण्याविषयीचा असतो, परत येण्याविषयीचा नव्हे. ताशी 36 किलोमीटर वेगाने उडणारा ड्रोन समोरच्या 25 च्या वाऱ्यात जमिनीवर जेमतेम 11 चा वेग धरतो, म्हणजे एक किलोमीटर परतायला पावणेदोन मिनिटांऐवजी साडेपाच मिनिटे लागतात, आणि बॅटरीही अधिक खर्च होते.

शिवाय किनाऱ्यावर आपण सुरूच्या आडोशाला उभे असतो. मी एकदा तेथूनच उडवला होता. पायाशी वाळूचा कणही हलत नव्हता, पण साठ मीटरवर ड्रोन नाक खाली घालून थरथरू लागला आणि पडद्यावर वाऱ्याची सूचना आली. उंची कमी केली, तेव्हा कुठे तो माघारी फिरला. तेव्हापासून मी झाडांचे शेंडे व होड्यांवरचे बावटे आधी पाहतो.

दुपारी खारा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहतो. सकाळी मतलई वारा असेल तर मात्र ड्रोन समुद्राकडे ढकलला जातो; हा वारा सौम्य असला तरी तेव्हा मी पाण्यावर लांब जात नाही. जयगडसारख्या कड्यावर तर झोत वर उसळतात, तेथे हवामानाच्या अंदाजात वाऱ्याच्या सरासरी वेगापेक्षा झोतांच्या वेगाचा आकडा पाहावा.