फुलदाणीवर टिश्यू पेपर : चिकटवायचा, डकवायचा की मढवायचा?

भाषांतरवही : हस्तकलेच्या एका पुस्तिकेचं मराठी करते आहे. एका प्रकरणात काचेची साधी फुलदाणी टिश्यू पेपरने सजवायची आहे. काच स्पिरिटने पुसून तेलकट डाग घालवायचे, पांढऱ्या गममध्ये तेवढंच पाणी मिसळून मऊ ब्रशने थर द्यायचा, त्यावर कागद, कागदावर पुन्हा थर, वाळल्यावर वॉर्निश. मी लिहिलं, ‘फुलदाणीवर टिश्यू पेपर चिकटवा.’ संपादकांनी ते खोडून ‘फुलदाणीवर देकुपाज करा’ असं केलं. (देकुपाज म्हणजे वस्तूवर कागद लावून, वर थर देऊन ती सजवायची कला.) चिकटवणं म्हणजे पाकिटावर तिकीट लावणं, इथे कागद काचेत मुरल्यासारखा दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा पटतो, पण वाचणारी मुलं शाळकरी आहेत. ‘देकुपाज करा’ वाचून हाताने नेमकं काय करायचं? मला क्रियापद हवं आहे. सुचवा.

कोरा_ताव : डकवा! ‘वहीत चित्र डकवा’ असं आमच्या बाई म्हणायच्या. चिकटवणं दाराचंही असतं, बोटांचंही असतं. डकवणं कागदाचंच.

नवीपाटी : डकवणे हा नेटवरचा शब्द ना? दुवा डकवणे, फोटो डकवणे. मी तरी तिथेच वाचलाय.

कोरा_ताव : नेटवर तो वहीतूनच गेला. माझी आजी कात्रणं वहीत डकवायची, तेव्हा नेट कुठे होतं? शब्द नव्या जागी दिसला म्हणून नवा होत नाही.

शब्दगंगा : मूळ शब्दाकडे बघा. फ्रेंचमध्ये ‘देकुपे’ म्हणजे कापून वेगळं करणे. चिकटवण्याचा त्यात उल्लेखच नाही, तो ‘कोलाज’मध्ये आहे. ‘कोले’ म्हणजे चिकटवणे. तेव्हा डकवणे हे कोलाजचं भाषांतर झालं. देकुपाजला ‘कर्तनलेपन’ म्हणावं. कापणं आणि लेप देणं, दोन्ही आलं. संस्कृतातून शब्द घडवायची सोय असताना उसनवारी कशाला?

ब्रश_आणि_गम : मी हे काम नेहमी करते, म्हणून सांगते. टिश्यू पेपरच्या कामात पुष्कळदा कात्री लागतच नाही. कागद हाताने फाडतात. कापलेली कड काचेवर रेघेसारखी उठून दिसते, फाटलेली कड विरळ होत शेजारच्या तुकड्यात मिसळते. मग ‘कर्तन’ कुठे राहिलं? नक्षीचे पेपर नॅपकिन वापरले तर आधी पापुद्रे सोडवायचे. त्याला दोन-तीन पदर असतात, छापील वरचा तेवढा घ्यायचा. खालचा राहिला तर रंग मंद दिसतो आणि वाळल्यावर पापुद्रा सुटतो.

शिवाय फुलदाणी पूर्ण झाकत असाल तर शब्द तयार आहे : मढवणे. ढोल चामड्याने मढवतात, चौकट चांदीने मढवतात. मढवलेला थर आतल्या वस्तूपासून वेगळा दिसत नाही, संपादकांना हवं आहे ते हेच. मधूनमधून चार फुलंच लावायची असतील तर डकवा.

भाषांतरवही : मढवणे! छान. पण मढवल्यावर आतलं दिसत नाही असा अर्थ होतो का? या कागदातून उजेड येतो. आत दिवा ठेवला की रंग खुलतात, असंही पुढे लिहिलं आहे.

ब्रश_आणि_गम : म्हणून कागदाला विशेषण द्या. ‘झिरझिरीत कागदाने मढवा.’ टिश्यू पेपर म्हटलं की मुलं नाक पुसायचा कागद आणतील.

शब्दगंगा : विज्ञानाच्या पुस्तकात टिश्यूला ‘ऊती’ आहे. पण ऊती कागद कोणी म्हणणार नाही, हे मलाही मान्य.

मुळाशी : तरी ऊती हा फार सुंदर शब्द आहे. टिश्यू हा जुन्या फ्रेंचमधल्या ‘तिस्यू’ म्हणजे विणलेलं यावरून आला, त्यामागे लॅटिन ‘तेक्सेरे’, विणणे. टेक्स्टाइल आणि टेक्स्ट त्यातलेच. आणि संस्कृतातही विणण्याच्या धातूवरूनच ‘उत’ म्हणजे विणलेलं, ‘ऊति’ म्हणजे विणणं. ओतप्रोत त्याच कुळातलं.

नवीपाटी : ओतप्रोत ओतण्यावरून नाही? काठोकाठ ओतलेलं?

मुळाशी : नाही. आ + उत = ओत, प्र + उत = प्रोत. उभ्या-आडव्या धाग्यांसारखं एकमेकांत गुंफलेलं. ‘काठोकाठ भरलेलं’ हा अर्थ आपण नंतर लावला.

कोरा_ताव : लावला तर लावला. आज ‘आनंदाने ओतप्रोत’ म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे माग येतो?

शब्दगंगा : येत नाही म्हणूनच सांगावं लागतं. ‘फुलदाणी’ही तशीच. ‘दाणी’ फारसी. मी ‘पुष्पपात्र’ लिहितो.

मुळाशी : फारसी ‘दान’ आणि संस्कृत ‘धान’ सख्खे चुलत आहेत. धान म्हणजे ठेवण्याची जागा, राजधानीतलं. फुलदाणी टाकून तुम्ही घरचाच शब्द बाहेर काढता आहात.

शब्दगंगा : नातं असलं तरी आला तो फारसीच्या वाटेने.

ब्रश_आणि_गम : वाटेचंच म्हणता तर हे ऐका. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये छापील चित्रं कापून, रंगवून लाकडी सामानावर लावत आणि वर पुष्कळ थर रोगण देत. पूर्वेकडच्या महागड्या लाखकामाची ती नक्कल. नाव होतं ‘लाक्का पोवेरा’, गरिबांची लाख. त्यातलं ‘लाक्का’ आपल्या ‘लाक्षा’वरून गेलंय, गंमत म्हणजे पूर्वेकडचं ते लाखकाम लाखेच्या किड्याचं नसून झाडाच्या चिकाचं. १८५०च्या सुमारास फ्रान्समध्ये तर काचेच्या फुलदाणीच्या *आतून* चित्रं चिकटवून मागे रंग द्यायची लाट आली, बाहेरून चिनी मातीची वाटावी म्हणून. तिला पोतिशोमानी म्हणत. ‘पोतिश’ म्हणजे चिनी मातीची बरणी. आपण बोलतोय ते काम काचेच्या बाहेरून, आणि ते पाण्याला टिकत नाही. भाषांतरवही, तुमच्या पुस्तिकेत ताजी फुलं ठेवायला सांगितलं असेल तर आत वेगळी नळी ठेवा हे जरूर लिहा. धुवायची वेळ आली तर नळीच काढायची.

भाषांतरवही : ते वाक्य पुस्तिकेत नव्हतं, घालते. मथळ्यात ‘देकुपाज’ ठेवून आत ‘मढवा’ लिहिलं तर चालेल का?

कोरा_ताव : मथळ्यात ठेवाच. मसाज, कोलाज चालतात तर देकुपाज का नको?

नवीपाटी : पण ज कुठला? जहाजातला की जगातला?

मुळाशी : फ्रेंचमधला ध्वनी दोन्हीत बसत नाही. मी ‘मसाज’ जहाजातल्या ज ने म्हणतो, आमच्या घरात इतर सगळे जगातल्या.

शब्दगंगा : मग ‘गॅरेज’चं काय? तोही त्याच प्रत्ययाचा, पण त्यात जहाजातला ज मी कधी ऐकला नाही.

नवीपाटी : आमच्याकडे तर ‘ग्यारेज’. आणि वॉर्निश की वार्निस? मी वार्निस म्हटलं की घरात हसतात.

ब्रश_आणि_गम : वार्निस सुतारांच्या तोंडचं आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण रोगण हा शब्द असताना दोन्ही कशाला?

मुळाशी : रोगणही फारसीच बरं का. शब्दगंगा आता काय म्हणतात बघू.