राज्य गेलं तरी राजघराण्याची ऑर्डर चालू कशी राहते? गोल्डन फ्लीसबद्दल प्रश्न

वाटसरू_पुणे:
नमस्कार मंडळी, मे महिन्यात व्हिएन्नाला गेलो होतो तेव्हा होफबुर्ग राजवाड्यातला राजघराण्याचा खजिना बघितला. त्यात ऑर्डर ऑफ द गोल्डन फ्लीसच्या (म्हणजे मेंढ्याचं सोनेरी कातडं हे चिन्ह असलेल्या, नाइट या मानकऱ्यांच्या संघाच्या) पण वस्तू आहेत, पाद्री प्रार्थनेच्या वेळी घालतात तसली पंधराव्या शतकातली वस्त्रं, सोन्याच्या तारा आडव्या अंथरून त्यावर रंगीत रेशमाचे इतके बारीक टाके घातलेत की लांबून चितारल्यासारखे चेहरे दिसतात, माझा पाय तिथून निघेना. आता प्रश्न असा की गाइड म्हणाली हे सरकारचं नाही, ऑर्डरच्या मालकीचं आहे आणि ऑर्डर आजही चालू आहे. ऑस्ट्रियात तर १९१८ ला राजेशाही गेली, १९१९ ला सरदारकीच्या पदव्या पण कायद्याने रद्द झाल्या, मग आता नाइट करतं कोण आणि कुठल्या अधिकारात? त्यात स्पेनच्या राजाच्या फोटोत पण गळ्यात तोच सोन्याचा मेंढा. एका ऑर्डरचे दोन मालक कसे काय? कोणी नीट समजावून सांगेल का.

बखरवाचक:
चांगला धागा काढलात. मूळ मुद्दा असा की सगळ्या ऑर्डर राज्याच्या नसतात, काही घराण्याच्या असतात. राज्याची ऑर्डर राज्याबरोबर जाते, पण घराण्याची असेल ती घराण्याच्या प्रमुखाबरोबर चालत राहते, मग त्याला सिंहासन असो नसो. गोल्डन फ्लीस पहिल्यापासून या दुसऱ्या प्रकारातली.

१० जानेवारी १४३० ला ब्रुज शहरात बर्गंडीचा ड्यूक फिलिप द गुड याने पोर्तुगालच्या इसाबेलाशी लग्न झालं त्या सोहळ्यात ही स्थापन केली, सुरुवातीला फक्त २४ नाइट. त्याचा मुलगा चार्ल्स द बोल्ड १४७७ च्या जानेवारीत नान्सीच्या लढाईत मारला गेला, मागे मुलगा नाही, एकुलती एक मुलगी मेरी. लगेच फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने बर्गंडीची डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख, गिळली. पण ऑर्डर त्याच्या हाती लागली नाही, कारण मेरीचं लग्न त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या माक्सिमिलियानशी झालं आणि ऑर्डर तिच्याबरोबर त्या घरात गेली. म्हणजे तुम्ही विचारताय ते १९१८ ला पहिल्यांदा घडलं असं नाही, १४७७ लाच सिद्ध झालं होतं की जमीन गेली तरी ऑर्डर जात नाही. मला तर या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पुढे पाचवा चार्ल्स, दुसरा फिलिप असं करत ती स्पेनच्या हाब्सबुर्ग शाखेकडे राहिली. १७०० मध्ये स्पेनचा दुसरा कार्लोस निपुत्रिक वारला. वारस म्हणून एकीकडे फ्रान्सच्या बूर्बों राजघराण्याचा पाचवा फेलिपे आणि दुसरीकडे ऑस्ट्रियाचा हाब्सबुर्ग कार्ल, जो पुढे सम्राट सहावा कार्ल झाला. युद्ध झालं, स्पेन फेलिपेला मिळालं, पण कार्ल म्हणाला ऑर्डर स्पेनची नव्हेच, आमच्या घराची आहे. तेव्हापासून दोन्हीकडून नाइट केले जातात आणि दोघेही स्वतःला खरे वारस मानतात.

ऑस्ट्रियन शाखेचे प्रमुख २००० सालापासून कार्ल फॉन हाब्सबुर्ग आहेत, वडील ओटो यांनी हयातीतच त्यांच्याकडे सोपवलं. आणि ऑस्ट्रियन प्रजासत्ताकाने १९५३ ला ऑर्डरचं स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व मान्य केलंय, म्हणून खजिना ऑर्डरचा.

कृष्णाकाठ:
बखरवाचक यांनी छान लिहिलंय. मला वाचताना सारखी आपली सातारा आणि कोल्हापूरची गादी आठवत होती, काळ पण तोच बघा, इकडे १७०७ ला शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि ताराबाईंशी संघर्ष सुरू झाला, तिकडे त्याच वर्षांत स्पेनच्या वारसाहक्काची लढाई चालू. फरक एवढाच की आपल्याकडे १७३१ ला वारणेचा तह होऊन हद्दी ठरल्या, तिकडे ऑर्डर कोणाची याचा निकाल आजवर लागलेला नाही.

पण एका बाबतीत मी असहमत आहे. स्पेनची शाखा आता निव्वळ घराण्याची म्हणता येणार नाही. राजा प्रमुख आहे खरा, पण नवीन नेमणूक मंत्रिमंडळापुढे जाते, पंतप्रधानांची सही लागते आणि सरकारी राजपत्रात छापून येते. त्यामुळे तिथे मोकळेपणा आला. ऑस्ट्रियन बाजूला अजून कॅथलिक आणि सरदार घराण्यातला पुरुष हीच अट, स्पेनने मात्र प्रोटेस्टंट इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनला १८१२ लाच दिली, नंतर जपानचे सम्राट अकिहितो, नेदरलँड्सची राणी बेआट्रिक्स, इंग्लंडची राणी एलिझाबेथ. माझ्या मते त्यामुळे स्पेनची शाखा जास्त जिवंत आहे.

बखरवाचक:
@कृष्णाकाठ मंत्रिमंडळाचा मुद्दा बरोबर, मान्य. पण हेही बघा की १९३१ ला स्पेनमध्ये प्रजासत्ताक आलं, राजा तेरावा आल्फोन्सो देश सोडून गेला, तरी त्याचा मुलगा डॉन हुआन परदेशात राहून गोल्डन फ्लीस देतच होता. १९६१ मध्ये त्याने खुद्द स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोला देऊ केली आणि फ्रँकोने नाकारली. हातात राज्य नाही, सैन्य नाही, तरी ऑर्डर देण्याचा हक्क सोडला नाही, कारण तो सोडला की घराण्याचं प्रमुखपदच सोडल्यासारखं. तेव्हा मुळाशी ती घराण्याचीच.

वाटसरू_पुणे:
खूप खूप धन्यवाद दोघांनाही! १४७७ चा किस्सा माहितच नव्हता. पण मग नाइट झालेल्या माणसाला नक्की मिळतं काय? नुसता हार?

सोनचाफा:
हार सुद्धा कायमचा मिळत नाही वाटसरू! तो ऑर्डरचा असतो, माणूस गेला की घरच्यांनी परत करायचा. हाराची एकेक कडी बघण्यासारखी आहे, बर्गंडीचं बी अक्षर म्हणून घडवलेली आग पेटवायची पोलादी पट्टी आणि तिच्या शेजारी ठिणग्या उडवणारा गारगोटीचा खडा, आणि खाली पोटाशी पट्टा बांधून टांगलेलं मेंढ्याचं कातडं, डोकं एका बाजूला आणि मागचे पाय दुसऱ्या बाजूला लोंबतायत.

मिळायचं ते म्हणजे बरोबरीचं नातं. जुन्या काळी सभेत एकेका नाइटला बाहेर पाठवून बाकीचे त्याच्या वागण्यावर बोलायचे, मग आत बोलावून त्याला सांगायचे, आणि यातून ड्यूक पण सुटायचा नाही. चार्ल्स द बोल्डला त्याच्याच नाइट्सनी सांगितलं होतं की तुम्ही नोकरांशी फार कडक बोलता. पंधराव्या शतकात राजाला समोरासमोर हे ऐकवायची सोय त्या नियमांत होती हे मला फार मोठं वाटतं.

आणि आताचं म्हणाल तर अडोल्फो सुआरेझ. फ्रँकोनंतर स्पेनमध्ये लोकशाही आणणारे पंतप्रधान. २००७ ला त्यांना गोल्डन फ्लीस जाहीर झाली तेव्हा अल्झायमरमुळे त्यांना काही आठवत नव्हतं. पुढच्या वर्षी राजा हुआन कार्लोस स्वतः हार घेऊन त्यांच्या घरी गेला. सुआरेझच्या मुलाने काढलेला एक फोटो आहे, दोघे पाठमोरे बागेत चालतायत आणि राजाचा हात त्यांच्या खांद्यावर. तो फोटो शोधून बघाच.

तिसरी_पेठ:
मराठी संबंध पण आहे की. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या नावापुढे जी.सी.एस.आय., जी.सी.आय.ई., जी.सी.व्ही.ओ. अशी अक्षरं असायची. यातली पहिली दोन म्हणजे स्टार ऑफ इंडिया १८६१ ची आणि इंडियन एम्पायर १८७८ ची, दोन्ही साम्राज्याच्या, इथले संस्थानिक आणि अधिकारी बांधून ठेवायला काढलेल्या, त्यामुळे भारत स्वतंत्र झाल्यावर देणं बंदच झालं. तिसरी मात्र रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डर, व्हिक्टोरिया राणीने १८९६ ला काढली, मंत्र्यांच्या शिफारशीशिवाय राजाने स्वतःच्या मर्जीने द्यायची, आणि ती इंग्लंडमध्ये आजही दिली जाते. एकाच माणसाच्या तीन पदव्यांपैकी राज्याच्या दोन बंद पडल्या आणि राजाच्या मर्जीतली चालू राहिली. बखरवाचक यांचा मुद्दा इथे आरशासारखा दिसतो.

कायदेकानू:
एक सावधगिरीचा सल्ला देतो कारण हल्ली हे फार वाढलंय. माझ्या ओळखीच्या एका कारखानदारांना मेल आला होता की अमुक राजपुत्र तुम्हाला नाइट करणार, देणगी एवढी एवढी भरा, गाउन आणि सर्टिफिकेट पाठवतो. ते भरायलाच निघाले होते. शोध घेतला तर त्या नावाचं घराणंच कुठल्या इतिहासात नाही. खऱ्या काही ऑर्डरमध्ये पण प्रवेशाचे पैसे घेतात, म्हणून पैसे मागितले एवढ्यावरून खोटं ठरत नाही, बघायचं हे की ज्याच्या नावाने देतायत ते घराणं खरोखर राज्य करत होतं का आणि आजचा प्रमुख कोण.

आणि हे दुसरं खऱ्या घराण्यांत पण अवघड असतं. इटलीतल्या नेपल्सच्या बूर्बों घराण्याची कॉन्स्टँटिनियन ऑर्डर बघा. १९०० मध्ये धाकट्या कार्लो राजपुत्राने स्पेनच्या वारस राजकन्येशी लग्न करायचं म्हणून फ्रान्समधल्या कान शहरात हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. १९६० ला घराण्याचा प्रमुख वारला आणि ती सही कायमची होती की फक्त स्पेनचं सिंहासन मिळालं तरच लागू, यावर घर फुटलं. आज दोन प्रमुख आहेत, कास्त्रो आणि कालाब्रिया, आणि दोघेही नाइट करतात.

आपल्या घटनेच्या १८ व्या कलमाप्रमाणे भारतीय नागरिकाला परकीय राज्याकडून पदवी घेता येत नाही. राज्य नसलेलं घराणं यात बसतं का यावर वाद घालता येईल. पण पद्म पुरस्कार सुद्धा नावाच्या मागेपुढे लावू नयेत असं सुप्रीम कोर्टाने १९९५ ला सांगितलंय, तेव्हा कोणी परदेशी राजपुत्राकडून मिळालेलं ‘सर’ नावापुढे लावत असेल तर माझ्या मते ते सपशेल चूक.

वाटसरू_पुणे:
कायदेकानू, तुमचा सल्ला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो, तिथल्या एका काकांना असाच मेल आलाय आणि ते उद्या बँकेत जाणार आहेत.

कायदेकानू:
आजच टाका. आणि त्यांना सांगा, ज्या खात्यात पैसे भरायला सांगितलेत ते कोणाच्या नावावर आहे तेवढं आधी विचारा.