मदत हवी आहे: मंगळावर रोव्हर चालवण्याच्या खेळात गाडी उतारावर थरथरते आणि मध्येच थांबते

नमस्कार.

हौस म्हणून, फावल्या वेळात, मी मंगळावर रोव्हर चालवण्याचा एक संगणकीय खेळ तयार करत आहे. तो विकायचा नाही. पूर्ण झाल्यावर सोर्स कोडसह सर्वांसाठी खुला करायचा आहे आणि त्याच कारणाने गोडो हे खेळ बनवण्याचे मुक्तस्रोत इंजिन (सॉफ्टवेअर) निवडले आहे. खेळात शत्रू नाहीत आणि शर्यतही नाही. रोव्हरने पाठवलेल्या छायाचित्रांवरून खेळाडूने वाट ठरवायची, आज्ञांची यादी पाठवायची आणि गाडी जेथे पोहोचेल तेथून पुढचा विचार करायचा, एवढाच खेळ आहे. पृथ्वीवरून मंगळापर्यंत संदेश पोहोचायलाच अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटे लागत असल्यामुळे खऱ्या मोहिमांतही कोणी जॉयस्टिक धरून बसत नाही. (चंद्राची गोष्ट निराळी. तेथे संदेश जाऊन यायला अडीच सेकंदांच्या आसपास वेळ लागतो, म्हणूनच १९७० साली लुनोखोद-१ ही गाडी पृथ्वीवर बसलेल्या चालकांना चालवता आली.)

गाडीचा आराखडा नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळावरील रोव्हरवरून घेतला आहे. वस्तुमान ८९९ किलो, ५० सेंटीमीटर व्यासाची सहा चाके, त्यांपैकी वळणारी फक्त चार कोपऱ्यांची, आणि कमाल वेग सेकंदाला सुमारे ४ सेंटीमीटर. चाके रॉकर-बोगी पद्धतीने जोडली आहेत. ही रचना ज्यांच्या परिचयाची नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येक बाजूला रॉकर नावाची एक मोठी दांडी असते. तिच्या पुढच्या टोकाला पुढचे चाक असते, तर मागच्या टोकाला बोगी ही लहान दांडी खिळीवर झुलत असते आणि बोगीच्या दोन टोकांना मधले व मागचे चाक असते. दोन्ही बाजूंचे रॉकर एकमेकांशी असे जखडलेले असतात की धडाच्या मानाने एक जेवढा वर कलेल तेवढाच दुसरा खाली कलतो, आणि त्यामुळे धडाचा पुढे-मागे होणारा कल दोन्ही बाजूंच्या सरासरीइतकाच राहतो. या सबंध रचनेत एकही स्प्रिंग नाही. गोडोमध्ये मोटारगाडीसाठी जी तयार सोय आहे ती मात्र स्प्रिंग गृहीत धरूनच केलेली असल्याने मी ती बाजूला ठेवली आणि धड, दोन रॉकर, दोन बोगी व सहा चाके असे अकरा स्वतंत्र भाग जॉइंटने (सांध्यांनी) जोडले. फिजिक्स इंजिन, म्हणजे वस्तूंच्या हालचाली व टकरींचा हिशेब करणारा भाग, गोडोचे स्वतःचेच वापरले आहे, जोल्ट हे दुसरे इंजिन नाही.

आता अडचणी सांगतो. गाडी उतारावर उभी केली की ती स्थिर राहत नाही. एखादे मधले चाक दगडाच्या कडेवर टेकलेले असेल तर ते बोटाच्या पेराएवढे वरखाली थरथरत राहते, त्याची सावली लुकलुकते, बोगी त्या तालावर डुलते आणि काही वेळाने पाहावे तर सगळी गाडी वीतभर खाली घसरलेली असते. घर्षण वाढवून पाहिले, त्याने घसरणे कमी होते पण थरथर वाढते.

दुसरी अडचण अधिक बुचकळ्यात टाकणारी आहे. वेग ४ सेंटीमीटर ठेवला तर गाडी सपाटीवर व्यवस्थित चालते, परंतु दगडांमधून जपून जाण्यासाठी तो ३ सेंटीमीटरवर आणला की थोडे अंतर जाऊन ती जागच्या जागी थांबते. चाकांना दिलेली आज्ञा चालू असते, कोठेही अडथळा नसतो, आणि गाडीला बाहेरून लहानसा धक्का दिला की ती काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते.

तिसरी अडचण वेळेची. ५० मीटर जायला खऱ्या वेगाने वीस मिनिटांहून अधिक लागतात, आणि तेवढा वेळ कोणी पडद्याकडे पाहत बसणार नाही, म्हणून खेळातला काळ वीसपट करण्याची सोय ठेवली आहे. ती वापरली की जॉइंट अक्षरशः उखडतात व चाके धडापासून दूर फेकली जातात.

जमीन हायराइज या मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरील कॅमेऱ्याच्या जोडचित्रांपासून केलेल्या, १ मीटरला एक नोंद असलेल्या उंचीच्या नकाशावरून घेतली आहे. नकाशा १६ बिटचा आहे, म्हणजे उंची पुरेशा बारकाईने नोंदलेली आहे, तेव्हा जमिनीत पायऱ्या पडण्याचा प्रश्न नाही. जॉइंटचा हिशेब इंजिन प्रत्येक वेळी जितक्या फेऱ्यांत करते त्या वाढवणे आणि चाकांचे वस्तुमान वाढवणे हे नेहमीचे उपाय करून झाले आहेत. ही रचना स्थिर करण्याचा काही मार्ग आहे का, की मुळातच वेगळा विचार करायला हवा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. गाडी वाळूत रुतणे कसे दाखवावे यावर कोणी बोलले तर तेही हवेच आहे.

प्रतिसाद १

आपण लक्षणे इतकी नेमकी दिली आहेत की दुसऱ्या अडचणीचे कारण आकडेमोडीतूनच सापडते. हालचाल फार मंद झालेल्या वस्तूंना फिजिक्स इंजिन झोपवून टाकते, म्हणजे त्यांचा हिशेब करणे थांबवते. गोडोच्या स्वतःच्या इंजिनात ही मर्यादा मुळात सेकंदाला ०.१ मीटर आणि फिरण्यासाठी सेकंदाला ८ अंश अशी असते. आपली गाडी पहिल्या मर्यादेच्या नेहमीच खाली आहे. ती झोपत नाही ते केवळ चाकांमुळे, कारण २५ सेंटीमीटर त्रिज्येचे चाक ४ सेंटीमीटर वेगाला सेकंदाला सुमारे ९ अंश फिरते. वेग ३ सेंटीमीटर केला की तेच फिरणे ७ अंशांच्याही खाली जाते आणि सगळे भाग एकदम झोपी जातात. झोपण्याची परवानगी त्या सर्व भागांपुरती काढून टाका, थांबणे बंद होईल.

वीसपट काळाचेही कारण सरळ आहे. इंजिन मुळात सेकंदाला ६० पावले टाकते, म्हणजे ६० वेळा हिशेब करते. काळ वीसपट केला आणि पावलांची संख्या तेवढीच ठेवली, तर एकेक पाऊल एक तृतीयांश सेकंदाचे होते. एवढ्या लांब पावलात कोणताही जॉइंट टिकणार नाही. पावले वीसपट केली तर टिकेल, पण संगणकाची दमछाक होईल.

तरीही मला विचाराल तर जॉइंट दुरुस्त करत बसू नये. फिजिक्स इंजिने वेगवान वस्तूंसाठी रचलेली असतात, आणि चाकांची बहुतेक प्रारूपे चाक जमिनीच्या मानाने किती घसरते या गुणोत्तरावर घर्षण ठरवतात. चाक उभे असताना त्या गुणोत्तरात शून्याने भागण्याची वेळ येते, म्हणून असली प्रारूपे वापरणाऱ्यांनाही थांबलेल्या गाडीची थरथर चुकत नाही. मात्र आपल्या गाडीचा वेग इतका कमी आहे की तिच्या जडत्वाला व्यवहारात काही अर्थच उरत नाही. ती कोणत्याही क्षणी फक्त जमिनीवर टेकलेली असते, दुसरे काही करत नसते. म्हणून हा प्रश्न बलांचा न मानता भूमितीचा मानावा.

गाडी नकाशावर कोठे आहे आणि तिचे तोंड कोणीकडे आहे हे आपल्याला माहीत असते. अज्ञात गोष्टी सहाच उरतात: धडाची उंची, पुढे-मागे कल, आडवा कल, रॉकरांचा कोन आणि दोन बोगींचे दोन कोन. चाकेही सहा आहेत, आणि प्रत्येक चाक जमिनीला टेकले पाहिजे ही एकेक अट धरली तर सहा अज्ञातांना सहा समीकरणे मिळतात. ती सोडवण्यासाठी फार गणितही लागत नाही. मधल्या व मागच्या चाकाखालच्या जमिनीच्या उंचीवरून बोगीचा कोन आणि तिच्या खिळीची उंची काढावी, ती खिळी आणि पुढचे चाक यांवरून त्या बाजूच्या रॉकरचा कोन काढावा, दोन्ही बाजूंची सरासरी म्हणजे धडाचा कल, आणि दोन बाजूंच्या उंचीतील फरकावरून आडवा कल. कल बदलला की चाके नकाशावर किंचित सरकतात, म्हणून नव्या जागांची उंची घेऊन तीच आकडेमोड पुन्हा करावी. दोन-तीन फेऱ्यांत उत्तर स्थिरावते. जमिनीची उंची विचारताना चाकाच्या मध्यबिंदूखालची एकच उंची घेऊ नका. चाकाच्या खालच्या कमानीवरचे पाच-सात बिंदू तपासा आणि जो आधी टेकेल तो धरा, नाहीतर चाक दगडात अर्धे घुसलेले दिसेल.

याचा खरा लाभ काळाच्या बाबतीत आहे. आता वेळेनुसार पावले टाकण्याची गरज नाही, दर सेंटीमीटर अंतराला एकदा हिशेब केला की पुरे. मग काळ वीसपट करा किंवा दोनशेपट, रोव्हर त्याच दगडावर त्याच कोनात चढेल, आणि उभा असताना केसभरही हलणार नाही.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. रुतण्याविषयी थोडी भर घालतो.

मऊ मातीत चाक किती खचते आणि किती घसरते याचे शास्त्र बेकर या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या मध्यास मांडले आणि अपोलोच्या चांद्रगाडीच्या कामातही त्यांचा सहभाग होता. त्यांची समीकरणे जशीच्या तशी वापरायची तर मातीचे अनेक स्थिरांक लागतात आणि खेळाडूला त्यांतला फरक दिसतही नाही. आपल्याला एक आलेख पुरेल: आडव्या अक्षावर उतार, उभ्यावर घसरण, आणि प्रत्येक प्रकारच्या जमिनीसाठी वेगळी रेषा. चाक जितके फिरले त्यातून घसरणीचा वाटा वजा केला की गाडी पुढे किती गेली ते मिळते. घसरण ०.२ असेल तर १ मीटर फिरलेल्या चाकाने गाडी ८० सेंटीमीटरच जाते, आणि घसरण १ ला पोहोचली की चाके फिरतात पण गाडी तेथेच राहते. पक्क्या खडकाची रेषा बराच काळ सपाट ठेवावी, वाळूची मात्र थोड्या उतारानंतर एकदम वर चढवावी. घसरण वाढेल तसे चाक जमिनीत थोडे खाली दाखवावे आणि तीच खोली पुढच्या घसरणीत मिळवावी, म्हणजे रुतण्याचे चक्र आपोआप तयार होते.

खऱ्या मोहिमांचा अनुभवही असाच आहे. मंगळावरील रोव्हरांपैकी ऑपॉर्च्युनिटी २००५ मध्ये एका साध्या दिसणाऱ्या वाळूच्या लाटेत आठवडेच्या आठवडे अडकून पडला होता, आणि स्पिरिट २००९ मध्ये जो रुतला तो निघालाच नाही. दोन्ही ठिकाणी पृष्ठभाग पाहून धोका कळण्यासारखा नव्हता, त्यामुळे खेळातही वाळू लाल रंगाने रंगवून खेळाडूला आधीच सावध करू नये असे माझे ठाम मत आहे. त्याला कळण्याचा मार्ग चाकोरीतून द्यावा. क्युरिऑसिटीच्या चाकांवर मोर्स लिपीतील खुणांची छिद्रे आहेत आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला मातीत त्यांचा ठसा उमटतो. दोन ठशांमधले अंतर चाकाच्या परिघापेक्षा कमी भरले तर गाडी घसरते आहे हे छायाचित्रावरून मोजता येते. आपल्या चाकाचा परिघ १५७ सेंटीमीटर आहे. खेळाडूच्या हातात मोजपट्टी द्या, बाकीचे त्याचे त्याला उमगेल.

दगडांचे मात्र आपल्याला स्वतंत्रपणे पाहावे लागेल, कारण १ मीटरच्या नकाशात ५० सेंटीमीटरच्या चाकाला अडवणारे बहुतेक दगड दिसतच नाहीत. ते वरून विखरावे लागतील.

धागालेखक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. झोपण्याची परवानगी काढल्याबरोबर ३ सेंटीमीटरवरचे थांबणे बंद झाले, तेव्हा निदान अचूक होते. भूमितीच्या पद्धतीने एका बाजूची आकडेमोड लिहून पाहिली. पुढचे चाक २० सेंटीमीटरच्या दगडावर चढवले असता बोगी जागेवर राहते, रॉकर कलतो आणि धड पुढच्या चाकाच्या मानाने बरेच कमी उचलले जाते, म्हणजे अपेक्षित वागणूक मिळते आहे. ठशांमधले अंतर मोजण्याची कल्पना खेळाचा कणा होऊ शकेल असे वाटते.

मात्र दोन गोष्टी या पद्धतीत कशा बसवाव्यात हे समजत नाही. एक म्हणजे गाडी उलटणे. क्युरिऑसिटी कोणत्याही दिशेला ४५ अंश कलला तरी उलटणार नाही अशी त्याची रचना आहे, पण खेळाडू तेवढा कल सहज ओलांडेल. दुसरे म्हणजे चाकाखाली सरकणारे दगड.

प्रतिसाद १

उलटण्यासाठी धडाच्या गुरुत्वमध्यातून सरळ खाली रेषा टाका आणि ती बाहेरच्या चाकांनी आखलेल्या चौकटीत पडते का ते प्रत्येक पावलाला तपासा. रेषा बाहेर गेली तर त्या क्षणी भूमिती सोडून सगळी गाडी एकच ताठ वस्तू म्हणून फिजिक्स इंजिनाच्या हवाली करा. त्यापुढे जे घडेल ते वेगवान असते आणि इंजिन ते चांगले हाताळते. त्याआधी ३० अंशांना गाडीने स्वतःच थांबून आज्ञा नाकारावी, कारण खऱ्या गाडीच्या संगणकातही कलाची मर्यादा घातलेली असते.

सरकणाऱ्या दगडांपैकी चाकाच्या त्रिज्येहून मोठे दगड पक्के धरा. लहान दगडांवर चाक चढले की त्यांना मातीच्या प्रकारानुसार काही सेंटीमीटर खाली दाबा आणि तेथेच सोडून द्या. ते बाजूला उडाले पाहिजेत असा आग्रह असेल तर ते काम केवळ दिसण्यापुरते करा, गाडीच्या हिशेबात घेऊ नका. बोगीच्या कोनांना दोन्ही बाजूंनी मर्यादा घालायला विसरू नका, नाहीतर खोल खड्ड्याच्या काठावर मधले चाक धडाच्या आत शिरेल. मर्यादेला पोहोचलेल्या बोगीचे एक चाक हवेत राहते आणि त्या फेरीपुरती त्या चाकाची अट समीकरणांतून वगळावी लागते.